अमेरिकाना लिलावांचे कॅटलॉग: जाहिरात म्हणून वाचावेत की अभ्यास म्हणून?

जुनी_बिजागरी (धागाकर्ता)

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून एक नेम मी सहसा चुकवत नाही. जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ‘अमेरिकाना’चा, म्हणजे जुन्या अमेरिकन लाकूडसामानाचा आणि कलावस्तूंचा, ‘अमेरिकाना वीक’ असतो, त्या सुमारास लिलावगृहांनी मांडलेली लिलावपूर्व प्रदर्शने मी पाहून येतो. तिकीट नसते, कोणी अडवत नाही आणि अठराव्या शतकातील मेजाचा खण उघडून पाहायचा असेल, तर तेथील जाणकार स्वतः तो ओढून दाखवतात. विकत मात्र मी आजवर चहाचा चमचासुद्धा घेतलेला नाही.

या वेळी घरी आल्यावर एक कॅटलॉग निवांतपणे वाचला. महोगनीच्या एका खणांच्या कपाटाला चार पाने दिलेली होती. त्यात मूळ मालकाच्या घराण्याची सहा पिढ्यांची वंशावळ, त्याच्या घराचे जुने चित्र, संग्रहालयातील तशाच कपाटाशी केलेली तुलना आणि खाली तळटीपा असा सारा सरंजाम होता. पुढच्याच पानावर जवळजवळ तसेच दिसणारे दुसरे कपाट दोन ओळींत आटोपलेले होते आणि दोघांच्या अंदाजित किमतीत कित्येक पटींचे अंतर होते. ती चार पाने वाचताना मी एखाद्या अभ्यासकाचा लेख वाचत होतो की विक्रेत्याचे बोलणे ऐकत होतो, हे मला अजून ठरवता आलेले नाही. या क्षेत्रातील जाणकारांनी आणि हात पोळून घेतलेल्यांनी, दोघांनीही लिहावे.

तिरकस_पंत

लग्नाच्या बाजारात मुलाच्या घराण्याची माहिती देतात, तीही वंशावळच असते. ती खोटी नसते, पण तिचा हेतू इतिहास लिहिणे हा नसतो.

हातोडा_तीनदा

पंतांची उपमा चपखल आहे, पण या व्यवहारात जाहिरात आणि अभ्यास एकाच पाळण्यात वाढले, हेही लक्षात घ्यायला हवे. १९२२ साली बॉस्टनमध्ये ‘द मॅगझिन अँटिक्स’ सुरू झाले, १९२४ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा अमेरिकन विभाग उघडला, आणि १९२९ च्या एप्रिलमध्ये हॉवर्ड राइफस्नायडर यांच्या संग्रहाचा लिलाव न्यूयॉर्कमध्ये झाला. त्या लिलावात फिलाडेल्फियाचे ‘व्हॅन पेल्ट’ नावाने ओळखले जाणारे उंच कपाट संग्राहक हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी ४४,००० डॉलरला घेतले. ते आज डेलावेअरमधील त्यांच्याच विंटरथर संग्रहालयात आहे. कपाटाला घराण्याचे नाव चिकटवण्याची रीत किती जुनी आहे, ते यावरून कळावे.

त्या रीतीचा कळस १९८९ च्या जूनमध्ये झाला. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्सच्या निकोलस ब्राउन या व्यापाऱ्यासाठी त्याच राज्यातील न्यूपोर्टमध्ये घडवलेले, शिंपल्यांच्या आकाराचे कोरीवकाम असलेले लिखाणाचे मेज आणि त्यावरील पुस्तकांचे कपाट क्रिस्टीज या लिलावगृहात १ कोटी २१ लाख डॉलरला गेले. ते तोपर्यंत घराण्यातच होते आणि विक्रीचा पैसा त्याच घराण्याच्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी लागणार होता. लिलावगृहाच्या प्रसिद्धी विभागाला याहून चांगली कहाणी मागूनही मिळाली नसती. वस्तू अस्सल, घराणे अखंड आणि कारण उदात्त.

जानेवारीचेही असेच आहे. ‘विंटर शो’ हे विक्रेत्यांचे प्रदर्शन १९५५ पासून एका सेवाभावी संस्थेच्या मदतीसाठी भरत आले आहे. संग्राहक, संग्रहालयांचे अभिरक्षक आणि विक्रेते तेव्हा गावात असतातच, म्हणून लिलाव त्याच दिवसांत लावतात, व्याख्याने ठेवतात आणि संध्याकाळच्या मेजवान्या देतात. गिऱ्हाईक शोधत फिरण्यापेक्षा जत्रेत दुकान मांडणे केव्हाही सोयीचे.

शिसवी_पेटी

मी पेनसिल्व्हेनियातील एका लहान इतिहास-संस्थेत आठवड्यातून दोन दिवस स्वयंसेवक म्हणून जाते. आमच्याकडे असे कॅटलॉग संदर्भासाठी जपून ठेवलेले असतात, म्हणजे अभ्यास म्हणून त्यांचा उपयोग होतो यात वाद नाही. पण बिजागरीदादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर कॅटलॉगच्या शेवटी बारीक टाइपात छापलेल्या अटींमध्ये आहे. मोठी लिलावगृहे वस्तूच्या खरेपणाची साधारण पाच वर्षांची हमी देतात, परंतु ती केवळ मथळ्यात ठळक किंवा मोठ्या अक्षरांत छापलेल्या मजकुरापुरती असते. तुम्ही वाचलेली चार पाने, वंशावळ आणि तळटीपा त्या हमीच्या बाहेर राहतात. मथळा हे वचन आणि निबंध हे संभाषण, असे मानून वाचावे.

म्हणून मथळा एखाद्या कायदेशीर दस्तासारखा वाचावा. चिपेंडेल ही अठराव्या शतकातील लाकूडसामानाची एक शैली. ‘चिपेंडेल खुर्ची, फिलाडेल्फिया, अमुक साल’ असे असेल तर वस्तू त्या काळातील आहे, असे ते ठामपणे म्हणत आहेत. ‘चिपेंडेल शैलीची खुर्ची’ असे असेल तर ती पुढे कधीतरी केलेली नक्कल आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. कारागिराच्या नावापुढे ‘यांचे मानले जाणारे’ असे आले की पायरी एक उतरली आणि ‘यांच्या पद्धतीचे’ असे आले की बऱ्याच उतरल्या.

खण ओढून पाहण्याची तुमची सवय मात्र सोडू नका. दर्शनी भाग महोगनीचा किंवा अक्रोडाचा असतो, पण आत जे लाकूड वापरले आहे ते गावाचे नाव सांगते. बॉस्टनच्या सुतारांनी आत पांढरा पाइन वापरला, न्यूपोर्टच्या कामात चेस्टनट बरेच दिसते आणि फिलाडेल्फियाकडे ट्युलिप पॉप्लर. खणाच्या तळाशी करवतीचे वळसे गोलाकार असतील तर ती फळी साधारण १८३० नंतर, गोल करवत रुळल्यावर कापलेली असणार. गोल चहाच्या मेजाची तर मी टेप लावून परीक्षा घेते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते आणि उभ्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे अडीचशे वर्षांनंतर खरे गोल मेज किंचित लंबगोल झालेले असते. जे मेज आजही अगदी गोल आहे, त्याच्याकडे जरा संशयाने पाहावे.

अंबाडी_न्यूजर्सी

शिसवीताई, वयानुसार गोलाई बदलते हे आमच्या घरात कोणाला पटत नव्हते. आज पुरावा मिळाला.

ओहायोचा_पाहुणा

हात पोळून घेतलेल्यांना आमंत्रण आहे म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी एका गावठी लिलावगृहाच्या ऑनलाइन लिलावात मी झाकण उतरवून लिहायचे एक मेज घेतले. नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांच्याइतकीच माझीही होती. वर्णनात ‘एकाच कुटुंबातून थेट’ आणि ‘प्रथमच बाजारात’ ही दोन वाक्ये होती. छायाचित्र इतके देखणे होते की मेजावर ठेवलेल्या पितळी दिव्याचा उजेड माझ्या बैठकीत पडल्यासारखे वाटले.

बोली ९०० डॉलरवर थांबली. त्यावर खरेदीदाराचे अधिमूल्य (बोलीवर टक्केवारीने लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ती रक्कम), संगणकावरून बोली लावल्याचे शुल्क, विक्रीकर, बांधणी आणि दोन राज्ये ओलांडण्याचे भाडे चढले आणि एकूण आकडा दुपटीकडे गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हिशेब मी स्वतः मांडला. मेज घरी आल्यावर कळले की दिवा जिथे ठेवला होता, नेमके तिथे तळहाताएवढे नवे लाकूड बसवलेले आहे. मागचे दोन पायही बदललेले निघाले. तक्रार केली तेव्हा शांतपणे उत्तर आले की दुरुस्तीचा अहवाल मागितला असता तर पाठवला असता, आणि अटींमध्ये वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते असे लिहिलेले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

बाकी ते मेज एकाच कुटुंबातून थेट आले होते, यात शंका नाही. ज्या कुटुंबाने पाय बदलले, त्याच कुटुंबातून आले असणार.

हातोडा_तीनदा

पाहुणेसाहेब, सहानुभूती आहे, पण मतभेद नोंदवतो. दूरच्या लिलावात पैसे गुंतवण्यापूर्वी स्थिती-अहवाल मागवणे आणि मागच्या व खालच्या बाजूची छायाचित्रे मागणे ही खरेदीदाराची किमान जबाबदारी आहे. या व्यवहारात जाहिरात फारसे खोटे बोलत नाही, ती गप्प बसते. मागच्या बाजूबद्दल वर्णनात एक शब्दही नसेल, तर तिथे सांगण्यासारखे काही नाही किंवा सांगणे गैरसोयीचे आहे, असे समजून चालावे.

तिरकस_पंत

दिव्याखाली अंधार ही म्हण छायाचित्रकारांनाही ठाऊक असते, हे नव्याने समजले.

आकडेमोड

शब्दांबद्दल बरीच चर्चा झाली, पण माझ्या मते सर्वांत प्रभावी जाहिरात आकड्यांत असते आणि ती म्हणजे अंदाजित किंमत. कमी अंदाज हा निमंत्रणपत्रिकेसारखा असतो. तो वाचून ज्यांची ऐपत नाही तेही येतात, हात वर करतात आणि दालनात ऊब निर्माण होते. १९९६ च्या एप्रिलमध्ये जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्या वस्तूंचा लिलाव सदबीज या लिलावगृहाने केला. अंदाज केवळ वस्तूंच्या बाजारभावावर बेतलेले होते आणि नावाची किंमत त्यांत मुद्दामच धरलेली नव्हती. कॅटलॉगच लाखाहून अधिक खपला. अध्यक्ष केनेडींच्या झुलत्या खुर्चीचा अंदाज काही हजार डॉलरचा होता आणि ती चार लाखांहून अधिक डॉलरला गेली. संपूर्ण लिलावाचा अंदाज ५० लाखांच्या आतला असताना बेरीज सुमारे ३ कोटी ४५ लाखांवर पोहोचली. तशी खुर्ची नॉर्थ कॅरोलायनातील कारखान्यात शेकड्यांनी तयार होत असे, तेव्हा किंमत लाकडाची नव्हती हे उघड आहे.

दुसरी खुबी अशी की छापील अंदाजात अधिमूल्य धरलेले नसते, पण लिलावानंतर वृत्तपत्रांना कळवल्या जाणाऱ्या किमतीत ते धरलेले असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सदबीजने २० लाख डॉलरपर्यंतच्या बोलीवर हे अधिमूल्य २७ टक्के केले होते. त्या दराने ८,००० ते १२,००० असा अंदाज असलेली वस्तू हातोड्याखाली १०,००० ला गेली, तर बातमीत ती १२,७०० ला गेली असे येते आणि वाचणाऱ्याला वाटते की वस्तूने वरचा अंदाजही ओलांडला. प्रत्यक्षात ती अंदाजाच्या मधोमध विकली गेलेली असते. यात कोणी खोटे बोललेले नाही, केवळ दोन वेगवेगळ्या मापांनी एकच कापड मोजलेले आहे.

कॅरोलायना_कट्टा

नावाच्या किमतीबद्दल आणखी एक उदाहरण. लाकूडसामान घडवणारे गुस्ताव्ह स्टिकली यांचे ओकचे एक साइडबोर्ड (जेवणघरातील भांड्यांचे कपाट) १९८८ साली क्रिस्टीजमध्ये ३,६३,००० डॉलरला विकले गेले, तेव्हा ते खुद्द स्टिकलींच्या घरातले आहे हा त्याचा मोठा गुण होता. घेणाऱ्या होत्या गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँड. अकरा वर्षांनी त्यांनी ते विकायला काढले, तेव्हा कॅटलॉगमध्ये मालकीच्या यादीत आणखी एक नाव वाढलेले होते आणि किंमत ५,९६,५०० डॉलर झाली.

आमच्या पिढीला या साऱ्याची गोडी लावली ती मात्र कॅटलॉगने नव्हे, दूरचित्रवाणीने. ‘अँटिक्स रोडशो’ या कार्यक्रमात १९९७ साली एका निवृत्त शिक्षिकेने घरगुती विक्रीत २५ डॉलरला घेतलेले पत्त्यांचे अर्धगोल मेज आणले होते. तेही ३० डॉलर सांगितले असताना घासाघीस करून घेतलेले. ते बॉस्टनच्या जॉन आणि थॉमस सिमूर या नामांकित कारागिरांचे निघाले. पुढच्या जानेवारीत सदबीजमध्ये ते ५,४१,५०० डॉलरला गेले. त्या एका प्रसंगाने किती माळे झाडून निघाले असतील, याची कल्पना करावी. लिलावगृहांना खरेदीदारांइतकीच विकणाऱ्यांचीही गरज असते, आणि विक्रमी किमतीची प्रत्येक बातमी ही खरे तर पुढच्या विक्रेत्यासाठी केलेली जाहिरात असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

शिसवी_पेटी

कट्टा यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन.

कहाणीच्या धोक्याबद्दल मात्र लिहायलाच हवे. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयाने अमेरिकन यादवी युद्धात भाऊ गमावलेल्या एका सैनिकासाठी, त्या भावाचे स्मारक म्हणून केलेले असे सांगितले गेलेले एक कपाट घेतले होते. त्यावर हाडाची अक्षरे, घड्याळ आणि युद्धाच्या खुणा अशी भरगच्च सजावट होती. २०१८ साली एका आधुनिक कारागिराने कबूल केले की एका जुन्या साध्या कपाटावर ती सारी सजावट आणि तिची कागदपत्रे त्यानेच तयार केली होती. ती विक्री लिलावातील नव्हती, विक्रेत्यामार्फत झालेली होती, पण धडा दोन्हीकडे लागू आहे. कहाणी इतकी हृदयद्रावक होती की लाकडाला प्रश्न विचारायचे राहून गेले.

हातोडा_तीनदा

ताई, तो दोष कहाणीचा नव्हे, तपासणीचा. ब्राउन यांच्या मेजाचीही कहाणीच सांगितली गेली होती आणि ती खरी होती.

प्रॉव्हिडन्सकर

खरी होती, पण अर्धी होती. मी याच गावात राहतो म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. निकोलस ब्राउन आणि त्यांच्या भावांच्या पेढीने १७६४ साली ‘सॅली’ नावाचे जहाज गुलामांच्या व्यापारासाठी आफ्रिकेकडे पाठवले होते, आणि त्या सफरीत शंभराहून अधिक बंदिवान माणसे मेली. याच घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राउन विद्यापीठाने २००६ साली स्वतःच्या इतिहासाबद्दल जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हे सविस्तर आलेले आहे. त्या काळातील महोगनीही कॅरिबियन बेटांतून आणि मध्य अमेरिकेतून येई आणि ती तोडणारे हात बहुतांशी गुलामांचेच असत. वंशावळ सहा पिढ्यांची छापताना मेजासाठी पैसा आणि लाकूड कुठून आले, ही दोन पानेही त्या वस्तूच्या मालकी-इतिहासाचाच भाग ठरायला हवीत. ‘प्रतिष्ठित व्यापारी घराणे’ या शब्दांत फार काही झाकले जाते.

बदल होतच नाही असे नाही. साउथ कॅरोलायनातील एजफील्ड येथे डेव्हिड ड्रेक हा गुलाम कुंभार प्रचंड मातीचे रांजण घडवी आणि गुलामांना लिहिणे-वाचणे निषिद्ध मानले जात असताना त्यांवर स्वतःचे नाव आणि दोन ओळींचे पद्य कोरी. २०२१ साली मेरिलँडमधील क्रॉकर फार्म या लिलावगृहात त्याचा १८५८ सालचा एक रांजण १५ लाख ६० हजार डॉलरला गेला आणि तो अर्कान्सासमधील क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाने घेतला. तिथे मालकाच्या घराण्यापेक्षा घडवणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत होते.

आकडेमोड

प्रॉव्हिडन्सकर, मुद्दा मान्य आहे, परंतु विक्रेत्याने स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकात आपल्याच मालाच्या पूर्वमालकाविरुद्ध साक्ष द्यावी, ही अपेक्षा जरा जास्त होते. ते काम संग्रहालयांचे आणि विद्यापीठांचे आहे.

प्रॉव्हिडन्सकर

मग कॅटलॉगला अभ्यासाचा मान देताना आपणही हात थोडा आखडता घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

अंबाडी_न्यूजर्सी

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. अमेरिकन सजावटीच्या कलांमध्ये आपल्याकडचे हातही आहेत. लॉकवुड डी फॉरेस्ट हे न्यूयॉर्कचे चित्रकार-सजावटकार १८८१ साली अहमदाबादेत गेले आणि तेथील मगनभाई हठीसिंग यांच्यासह त्यांनी लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. तिथे कोरलेले सागवानी काम न्यूयॉर्कमध्ये पूर्व १० व्या रस्त्यावरील त्यांच्या घराच्या दर्शनी खिडकीत आजही दिसते, आणि पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या वाड्यातील, म्हणजे आजच्या कूपर ह्युइट संग्रहालयातील, एका खोलीतही त्यांनी केलेली सागवानी सजावट आहे. अशा वस्तू लिलावात येतात तेव्हा मथळ्यात डी फॉरेस्ट यांचे नाव असते. कोरणाऱ्या मिस्त्रींपैकी एकाचेही नाव मी अजून वाचलेले नाही.

ओहायोचा_पाहुणा

माझ्या मेजाला निदान दोन कारागीर तरी लाभले, हे त्यातल्या त्यात समाधान.

जुनी_बिजागरी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि चार पानांच्या कपाटाकडे न जाता दोन ओळींच्या कपाटापाशी थांबलो. शिसवीताईंनी सांगितल्याप्रमाणे सर्वांत खालचा खण ओढायला सांगितला. तळाला पांढरा पाइन होता आणि त्यावर करवतीच्या सरळ, जराशा वाकड्यातिकड्या पडलेल्या रेषा होत्या. खणाच्या दर्शनी फळीच्या आतल्या बाजूला, आताच्या मुठीच्या खिळ्यांशेजारी, बुजवलेल्या भोकांची आणखी एक जोडी होती, म्हणजे पितळी मुठी कधीतरी बदललेल्या आहेत. डाव्या बाजूची सरकपट्टी नव्या लाकडाची होती. खण पुन्हा आत लोटताना तो शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर अडकला आणि तेथील बाईंनी सवयीने खालून अंगठ्याने उचलून तो बसवला.

मी त्यांना विचारले की याला दोनच ओळी का. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले की विकणाऱ्याने ते विक्रेत्याकडून घेतलेले आहे, आधीची कागदपत्रे मिळाली नाहीत, मुठीही मूळच्या नाहीत, आणि या किमतीच्या वस्तूसाठी संशोधक नेमून निबंध लिहवून घेणे परवडत नाही. तपकिरी लाकडाच्या मधल्या दर्जाच्या वस्तूंना विसाव्या शतकाच्या अखेरीस होती तशी मागणी आता नाही, म्हणून हल्ली अशी कपाटे आधुनिक चित्राखाली मांडून, सजावटकारांना डोळ्यांसमोर ठेवून छायाचित्रित करतात, हेही त्यांनीच सांगितले. दुरुस्तीचा अहवाल न मागता हातात दिला. त्यात मुठी, सरकपट्टी आणि मागच्या एका फळीची चीर, तिन्ही नोंदलेले होते.

त्या निबंधाविषयीही विचारले. त्या म्हणाल्या की लेखक बाहेरचे अभ्यासक आहेत, त्यांना मानधन लिलावगृह देते, आणि मजकूर चुकीचा निघाला तर त्या अभ्यासकांची पत जाते, म्हणून ते जपून लिहितात. काय लिहायचे नाही, हे कोण ठरवते, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण मागे रांग होती.

दुसऱ्या दिवशी घरून संगणकावर दोन ओळींच्या कपाटासाठी बोली लावली. अधिमूल्य, कर आणि भाडे आधीच वजा करून वरची मर्यादा कागदावर लिहून ठेवली होती. साधारण वीस सेकंदांत ती ओलांडली गेली.

तिरकस_पंत

आणि चमचा?

जुनी_बिजागरी (धागाकर्ता)

चमच्यांचा संच होता, सुटे देत नव्हते.